आयोवातल्या शेतकऱ्याचा सरकारी चेक: काउंटीची यादी कशी वाचायची

प्रश्न विचारणारे अकोला जिल्ह्यातले आहेत, सध्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स या गावी, आयोवा स्टेट विद्यापीठात शिकतात. उत्तर आयोवातल्या एका काउंटीची शेती अनुदानाची यादी त्यांच्या पाहण्यात आली. त्यात एका शेतकऱ्याच्या नावापुढे १९९५ ते २०२२ या काळातले मिळून ८ लाख ४० हजार डॉलर दिसले. ते लिहितात, "माझ्या वडिलांना पाच एकरांवर पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला बारा हजार रुपये येतात. इथे एकेकाला सात-सात कोटी, आणि तरी ही माणसं कॅफेत बसून रडतात. हे खरं आहे का? आणि हा पैसा मिळतो तरी कशाबद्दल?"

आकडा खरा असणार. मी गेली एकोणीस वर्षं इथल्या शेतकऱ्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांची करपत्रकं भरते. १ मार्चच्या आत पत्रक भरलं तर शेतकऱ्याला तिमाही आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून जानेवारीच्या शेवटापासून माझ्या टेबलावर चिखलाचे बूट आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या पावत्या येतात. त्या खोक्यात सरकारी रकमेचा कागद असतोच. माझं माहेर लातूरकडचं, घरी सोयाबीन. त्यामुळे तुमच्यासारखीच मीही पहिल्या वर्षी त्या कागदावरच्या आकड्याला रुपयाच्या तेव्हाच्या दराने गुणून बघितलं होतं आणि गप्प बसले होते. नंतर गुणण्याऐवजी भागायला शिकले.

तुम्हीही भागून बघा. ८ लाख ४० हजार भागिले २८ वर्षं, म्हणजे वर्षाला ३० हजार डॉलर. एवढी मोठी रक्कम आहे म्हणजे हा माणूस बाराशे एकर तरी करत असणार, त्यातले अडीचशे-तीनशे स्वतःचे, बाकी खंडाने घेतलेले. आमच्याकडे त्याला ठोक्यानं करणं म्हणतात. तीस हजार भागिले बाराशे, एकरी २५ डॉलर. आता वडिलांचे बारा हजार रुपये पाच एकरांवर पसरा: एकरी २,४०० रुपये, डॉलरला ८८ धरले तर २७ डॉलर. तुमच्या वडिलांचा एकर त्याच्या एकरापेक्षा दोन डॉलरनं पुढेच आहे.

हा हिशेब मी चेष्टेसाठी दिला नाही, आणि दोन्ही देशांत मदत सारखीच आहे असंही मला म्हणायचं नाही. खत, वीज, विमा, हमीभाव हे सगळं यात धरलेलं नाही. सांगायचं आहे ते एवढंच की, आपल्याकडची ती योजना कुटुंब मोजते. एक एकर असो की दहा, सहा हजार म्हणजे सहा हजार. इथली पद्धत एकर मोजते. ज्याच्या हाताखाली जास्त एकर, त्याचा चेक मोठा. यादीवर नाव माणसाचं छापलेलं असलं तरी पैसे त्याच्या एकरांचे आहेत, आणि एकदा हे डोक्यात बसलं की यादीतल्या बऱ्याच चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो.

आधी काउंटी म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडचे लोक त्याला जिल्हा समजतात. आयोवात ९९ काउंट्या आहेत. त्यातली क्षेत्रफळाने सर्वात मोठी कोसुथ, तीही आपल्या साधारण तीन तालुक्यांएवढी आणि लोकसंख्या पंधरा हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या एखाद्या बाजारगावाएवढी माणसं आणि बाकी सगळं मका-सोयाबीन. अशा ठिकाणी सरकारी पैशाचं खिडकीवरचं काम केंद्र सरकारच्या फार्म सर्व्हिस एजन्सीचं काउंटी ऑफिस बघतं. लोक नुसतं 'एफएसए' म्हणतात, म्हातारे अजून जुन्या नावाने 'एएससीएस' म्हणतात. देशभर अशी दोन हजारांवर ऑफिसं आहेत. तलाठी, कृषी सहायक आणि जिल्हा बँक यांची थोडी थोडी कामं एकत्र केली तर जे होईल, ते हे ऑफिस.

तर पैसा कशाबद्दल? यादीतल्या एकाच आकड्यात तीन-चार निरनिराळे झरे मिसळलेले असतात. त्यातला सर्वात जुना आणि सर्वात गोंधळाचा झरा म्हणजे पीकभावाची मदत. ही रक्कम 'बेस एकर' नावाच्या गोष्टीवर मिळते. बेस एकर म्हणजे शेतात आज काय उभं आहे ते नव्हे, तर सरकारी दप्तरात त्या शेताच्या नावावर पूर्वी काय लावलं होतं म्हणून नोंदलं गेलं ते. बहुतेक शेतांचा बेस २००२ च्या कायद्याच्या वेळी ठरला, तोही १९९८ ते २००१ या चार वर्षांच्या पेऱ्यावरून. २०१४ मध्ये पिकांची आपसात फेरवाटणी करायची एक संधी मिळाली. त्या चार वर्षांत आजोबांनी मका लावला असेल, तर आज नातवाने सगळीकडे सोयाबीन पेरलं तरी चेक मक्याच्या भावाने येतो. काहीच पेरलं नाही तरी येतो. सातबाऱ्यावरची पंचवीस वर्षांपूर्वीची पीकनोंद बघून आज अनुदान दिलं तर गावात काय होईल, याची कल्पना करा. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. उलट जमीन विकायला निघते तेव्हा जाहिरातीत 'मक्याचा बेस अमुक एकर' असं अभिमानाने छापतात.

या बेसवर पैसे द्यायच्या दोन तऱ्हा आहेत, दोन्ही २०१४ च्या कायद्याने आल्या. त्याआधी 'थेट रक्कम' नावाची तऱ्हा होती. भाव चढा असो की पडका, वर्षाला सगळ्यांना मिळून सुमारे ५ अब्ज डॉलर वाटले जायचे. मक्याला सात डॉलर भाव असतानाही सरकारी चेक येतोय, हे शहरातल्या लोकांना दिसलं आणि ती बंद झाली.

पहिली तऱ्हा पीएलसी. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली होती, ती आठवत असेल तर पीएलसी समजायला दोन मिनिटं लागतात. कायद्यात एक आधारभाव लिहिलेला असतो. मक्याला तो बुशेलमागे ३.७० डॉलर होता. मक्याचं एक बुशेल म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलो. देशाचा वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला तर मधला फरक सरकार देतं, पण तो तुमच्या खऱ्या राशीवर नाही. बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवर आणि दप्तरात ठरवून ठेवलेल्या उताऱ्यावर, म्हणजे एकरी उत्पादनावर. एक उदाहरण सोडवते. २०१९ च्या मक्याचा सरासरी भाव ३.५६ निघाला, म्हणजे फरक १४ सेंट. शेताचा मक्याचा बेस ६०० एकर आणि दप्तरी उतारा १६० बुशेल धरा. ६०० चे ८५ टक्के ५१०. त्याला १६० ने आणि मग ०.१४ ने गुणलं की ११,४२४ डॉलर. त्यातून संसदेने लावलेली ५.७ टक्क्यांची सरसकट कात्री वजा, हातात पावणेअकरा हजार. हा मका २०१९ च्या शरदात निघाला आणि चेक २०२० च्या ऑक्टोबरात आला, कारण वर्षभराचा सरासरी भाव कळायला पुढचा ऑगस्ट उजाडावा लागतो. तोवर बँकेचं पीककर्ज एकदा फिटून दुसरं सुरू झालेलं असतं. पुढच्या वर्षी भाव ४.५३ झाला, मग २०२२ पर्यंत चढतच गेला आणि मक्यावर पीएलसीतून काहीही आलं नाही. यादीत एखाद्याच्या नावापुढे दोन-तीन वर्षं रिकामी दिसली, तर त्याने शेती सोडली असं समजू नका. त्या वर्षांत त्याचं बरं चाललं होतं.

दुसरी तऱ्हा एआरसी. तीत भावाबरोबर उताराही धरतात, पण उतारा काउंटीचा सरासरी. तुमच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी काउंटी झकास पिकली, तर छदामही नाही. आपल्याकडे पीक विम्यात महसूल मंडळाच्या सरासरीवरून जी रड असते, तीच इथे, फक्त इंग्रजीत. या दोन तऱ्हांपैकी कुठली घ्यायची ते पेरणीआधी, बहुतेक १५ मार्चपर्यंत, सांगावं लागतं. भाव काय होणार हे तेव्हा देवालाच माहीत. माझ्याकडचे अर्धे लोक शेजाऱ्याने काय निवडलं ते विचारून निवडतात.

आता दुसरा झरा, आणि तुमच्या यादीत २०१८ ते २०२० मध्ये जो डोंगर दिसतो तो याचा. चीनने ६ जुलै २०१८ ला अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के आयातकर लावला. भाव काही आठवड्यांत दहा डॉलरवरून साडेआठपर्यंत घसरला. कृषी खात्याने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनच्या तिजोरीतून भरपाई काढली. ही तिजोरी रूझवेल्टच्या काळातली, १९३३ ची. तिच्यातून खर्च करायला दर वेळी संसदेकडे जावं लागत नाही. पहिल्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट. हो, एक सेंट. एक लाख बुशेल मका पिकवणाऱ्याला एक हजार डॉलर आणि पंचवीस हजार बुशेल सोयाबीनवाल्याला ४१,२५० डॉलर. त्या हिवाळ्यात मक्याच्या माणसांनी मला जे जे ऐकवलं, ते मराठीतही लिहिता येणार नाही.

मग २०१९ मध्ये खात्याने पद्धत बदलली. पीकवार दर जाहीर केला तर लोक अनुदान बघून पेरतील, म्हणून प्रत्येक काउंटीला एकच एकरी दर दिला: १५ ते १५० डॉलर, त्या काउंटीत पूर्वी कुठली पिकं किती व्हायची त्यावरून. हेतू चांगला. पण काउंटीची हद्द ही इथे एक खडीचा रस्ता असते. माझा एक पक्षकार त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करतो. तीच माती, तेच बियाणं, तोच कम्बाइन, आणि रस्त्याच्या पलीकडे दर वेगळा. त्याने मला फोन करून विचारलं, सोयाबीनला कळतं का आपण कुठल्या काउंटीत उगवलो ते?

त्यापाठोपाठ करोना मदत आली. २०२० साली सगळ्या देशातल्या शेतकऱ्यांना सरकारने थेट दिलेली रक्कम ४५ अब्ज डॉलरच्या वर गेली, तोवरचा उच्चांक. २०२५ मध्ये पुन्हा एकदा तातडीची मदत: २०२४ च्या पेऱ्यावर मक्याला एकरी ४२.९१ आणि सोयाबीनला २९.७६ डॉलर. अशी मदत बेसवर नसते, खऱ्या पेऱ्यावर असते. त्यासाठी दर वर्षी १५ जुलैपर्यंत ऑफिसात जाऊन नकाशावर कुठल्या तुकड्यात काय पेरलं ते नोंदवावं लागतं. ई-पीक पाहणीच म्हणा, फक्त मोबाइलवर नेटवर्क शोधत बांधावर उभं राहावं लागत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार दिले तेव्हा ई-पीक पाहणीवर अडलेल्यांची जी धावपळ झाली, ती मी भावाकडून फोनवर ऐकली आहे. इथेही नोंद चुकली की चूक शेतकऱ्याची. माझ्या एका पक्षकाराची एका तुकड्याची नोंद एका ऑफिसात भलत्याच शेत-क्रमांकाखाली गेली. ती सरळ करायला अकरा महिने आणि तीन फेऱ्या लागल्या. पैसे मिळाले, व्याज नाही.

तिसरा झरा म्हणजे जमीन पडीक ठेवल्याचा मोबदला, सीआरपी. १९८५ पासून चालू आहे. धूप होणारी, ओढ्याकाठची जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारने त्याचा वार्षिक खंड द्यायचा. यादीत वर्षानुवर्षं तीच एक रक्कम सरळ रेषेत दिसली, तर ती बहुधा ही. शेती न करणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंचं नाव यादीत का, याचं उत्तरही बहुधा हेच. मला विचाराल तर सगळ्या योजनांत हीच एक अशी आहे, जिच्यात पैशाच्या बदल्यात काय मिळालं ते डोळ्यांनी दिसतं: तितर, गवत आणि कमी गढूळ ओढा.

आता यादीत जे नाही ते. पीक विमा. आज अमेरिकी शेतीचा खरा टेकू तोच आहे. हप्त्यातला सरासरी साठ टक्क्यांहून जास्त भाग केंद्र सरकार भरतं. आपल्याकडे २०२३ ला एक रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. इथे तो १९३८ मध्ये आला आणि आजही टिकून आहे. १० ऑगस्ट २०२० ला मध्य आयोवावरून डेरेचो वादळ गेलं, काही तासांत मका भुईसपाट. त्या वर्षी अनेकांना विम्याने तारलं. पण विम्याची रक्कम नावानिशी जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, काउंटीची एकूण बेरीज तेवढी मिळते. त्यामुळे नावांची यादी म्हणजे घराच्या एका खिडकीतून दिसणारा दिवाणखाना आहे, स्वयंपाकघर मागे आहे. आणि ही खिडकीसुद्धा फुकट उघडली नाही. १९९६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने कोर्टात जाऊन कापूस अनुदान घेणाऱ्यांची नावं कृषी खात्याकडून मिळवली. त्या निकालाच्या आधारावर एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने २००१ मध्ये सगळ्या देशाची यादी लोकांपुढे ठेवली. तेव्हा काही गावांत चर्चमध्ये शेजाऱ्याशेजारी बसायची पंचाईत झाली होती, असं माझ्या आधी हे काम करणारे गृहस्थ सांगायचे.

नाव वाचतानाही सावध राहा. एका माणसाला पीकभावाच्या मदतीची वार्षिक कमाल मर्यादा १ लाख २५ हजार डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने ती १ लाख ५५ हजार केली. जिथे मर्यादा तिथे वाटणी, हे तुम्हाला-मला सांगायला नको. सिलिंगचा कायदा आला तेव्हा आपल्याकडे कागदोपत्री कशा वाटण्या झाल्या ते वडिलांना विचारा. इथे ऐंशीच्या दशकात 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री' हा शब्द निघाला: एका शेताखाली कंपन्या, त्या कंपन्यांखाली कंपन्या, झाडाला लटकवलेल्या दिव्यांसारख्या, आणि प्रत्येकीची स्वतंत्र मर्यादा. पुढे कायद्याने ते आवळलं. २००८ पासून रक्कम शेवटी हाडामांसाच्या माणसापर्यंत पोहोचवून मोजतात. तरी भागीदारीत जेवढे भागीदार तेवढ्या मर्यादा हे आहेच, आणि २०१८ मध्ये चुलत भावंडं आणि पुतणे-भाचेसुद्धा 'कुटुंबात' धरायची सोय झाली. तेव्हा एखाद्या भागीदारीपुढे पाच लाख दिसले तर ते एका खिशात गेले असं नाही. उलट, एकाच घरातली चार नावं यादीत चार ठिकाणी विखुरलेली असतील तर एकेक आकडा लहान दिसेल. जुन्या वर्षांच्या याद्यांत तर सहकारी संस्थांची नावं अव्वल येतात. आर्कान्सातली राईसलँड फूड्स ही भातवाल्यांची सहकारी संस्था त्यातली प्रसिद्ध. ते पैसे सभासदांना पुढे वाटलेले असतात. कारखान्याच्या नावावर आलेली रक्कम चेअरमनने खाल्ली असं कुणी म्हणावं, तसं ते होईल. (चेअरमनबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

मेलेल्यांचीही नावं असतात. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये दाखवून दिलं की, १९९९ ते २००५ मध्ये मृत व्यक्तींच्या नावे १.१ अब्ज डॉलर गेले होते. सगळे लबाडीचे नव्हते, वारसांची वाटणी व्हायची असते तोवर मयताच्या इस्टेटीला पैसे घेता येतात. पण ऑफिसने विचारपूस केलीच नाही अशीही प्रकरणं निघाली. आपल्याकडे वारसनोंद अडते म्हणून हप्ता बंद होतो, इथे वारसनोंद अडली म्हणून हप्ता चालू राहिला.

मोठ्यांनाच जास्त मिळतं का, असं तुम्ही थेट विचारलं नसलं तरी प्रश्नात ते आहे. हो. देशाची यादी लोकांपुढे ठेवणाऱ्या एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुपच्या हिशेबाने १९९५ पासूनच्या पीक अनुदानातला पाऊण हिश्शाहून जास्त भाग वरच्या दहा टक्के लोकांकडे गेला. आणि बहुसंख्य शेतांना काहीच मिळत नाही, कारण मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा मोजक्या पिकांवर हे सगळं उभं आहे. कॅलिफोर्नियातला भाजीवाला पीकभावाच्या मदतीत तुम्हाला शोधून सापडणार नाही. साखरही नाही. साखरेला चेक मिळत नाही, तिला आयात कोट्याच्या भिंतीआड भाव मिळतो आणि तो भार गिऱ्हाईक उचलतं.

ऑफिसवर देखरेख ठेवायला शेतकऱ्यांतूनच निवडलेली काउंटी समिती असते, तीन ते अकरा जणांची. ऐकायला हे सोसायटीच्या संचालक मंडळासारखं लोकशाहीचं वाटतं आणि सोसायटीसारखेच त्याचे गुणदोष आहेत. दक्षिणेतल्या काउंट्यांत या गोऱ्या समित्यांनी काळ्या शेतकऱ्यांची कर्जं आणि मदत पिढ्यान्‌पिढ्या अडवली. त्यावर पिगफोर्ड खटला झाला, १९९९ मध्ये तडजोड होऊन सुमारे एक अब्ज डॉलर द्यावे लागले आणि उशिरा आलेल्या दावेदारांसाठी २०१० मध्ये आणखी अब्जाहून जास्त. ज्यांनी शेत गमावलं त्यातल्या बहुतेकांना ते परत मिळालं नाही. एकरावर पैसा मिळतो असं मी वर म्हटलं ना, मग एकरच ज्याच्या हातातून काढून घेतले त्याचं नाव यादीत कुठून येणार?

तुम्ही अकोल्याचे आहात म्हणून कापसाचं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. टेक्सासच्या कापूसवाल्याला मिळणाऱ्या पैशाचा अकोल्याच्या बाजाराशी संबंध असतो, कारण अमेरिका कापसाचा मोठा निर्यातदार आहे. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत या अनुदानाविरुद्ध दावा लावला आणि जिंकला. निकाल पाळण्याऐवजी अमेरिकेने काही वर्षं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना चक्क वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर दिले, म्हणजे स्वतःचं अनुदान चालू ठेवायला दुसऱ्यांना अनुदान. शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं. त्या वर्षीच्या कायद्यातून कापूस बाहेर काढला आणि २०१८ मध्ये 'सरकीसह कापूस' अशा नव्या नावाने मागच्या दाराने पुन्हा आत घेतला. त्याच २०१८ साली अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावर त्याच व्यापार संघटनेत बोट ठेवलं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत उठवला, ऐन वेचणीच्या हंगामावर. तेव्हा तुम्ही ही यादी बघता ती काही परक्या घरची उठाठेव नाही.

राहिलं रडणं. यादीतला माणूस कॅफेत खोटं रडत नाही, पण त्याच्या रडण्याचं कारण तो पूर्ण सांगतही नाही. मक्याचा एकरी खर्च खंड धरून ८०० डॉलरच्या वर जातो. त्यात एकरी पंचवीस डॉलरच्या सरकारी चेकने कुणी श्रीमंत होत नाही, आणि त्या चेकवर प्राप्तिकर आणि वर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो. आपल्यासारखं शेतीचं उत्पन्न इथे करमुक्त नाही. खरी गंमत खंडात आहे. आयोवातली निम्म्याहून जास्त जमीन खंडाने दिलेली आहे आणि तिचे मालक बहुतेक वयस्क, कित्येक राज्याबाहेर राहणारे. रोख खंड असला तर अनुदान कसणाऱ्याच्या नावावर येतं, मालकाचं नाव यादीत दिसतच नाही. पण मालकालाही यादी वाचता येते. मक्याचा सरासरी भाव २०२२ च्या ६.५४ वरून २०२४ च्या पिकाला ४.२४ वर आला. राज्याचा सरासरी खंड २०२३ आणि २०२४ मध्ये एकरी २७९ डॉलर होता, २०२५ मध्ये २७४ झाला. भाव तिसऱ्या हिश्शाने पडला, खंड पाच डॉलरने. मधली फट कोण भरतं ते बघा.

४ जुलै २०२५ ला नवा कायदा झाला आणि मक्याचा आधारभाव ३.७० वरून ४.१०, सोयाबीनचा ८.४० वरून १० डॉलर झाला. त्या भावाने २०२५ च्या पिकाचा चेक येणार २०२६ च्या ऑक्टोबरात. आयोवात खंडाचा करार मोडायचा किंवा बदलायचा तर १ सप्टेंबरच्या आत नोटीस द्यावी लागते. माझ्या एका पक्षकाराची मालकीण ॲरिझोनात राहते, वय ब्याऐंशी, शेत वडिलांकडून आलेलं, शेवटचं कधी पाहिलं ते तिलाही आठवत नसेल. २०२५ च्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिचं रजिस्टर्ड पत्र आलं. मक्याचा भाव तेव्हा चारच्या खाली होता, म्हणून यंदा ती खंड कमी करेल असं त्याला वाटत होतं. तिने नव्या कायद्याचा उल्लेख करून एकरी दहा डॉलर वाढवून मागितले होते. तो पत्र घेऊन माझ्याकडे आला आणि विचारलं, चेक तर अजून चौदा महिने येणार नाही, हिला आत्ताच कसा मिळाला?

त्याने सही केली. नाही केली तर तेच शेत घ्यायला शेजारचे दोघं टपलेले होते, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.